चाळीस दिवसांचें व्रत

माघ-फाल्गुनाच्या सुमारास एका बुधवारीं सकाळीं वसईच्या किंवा गोव्याच्या एखाद्या चर्चमध्यें कोणी डोकावलें, तर तेथें एक साधा पण मनांत राहणारा विधि दृष्टीस पडतो. लहानथोर माणसें रांगेनें पुढें येतात आणि धर्मगुरु प्रत्येकाच्या मस्तकाला चिमूटभर राख लावतो. ही राख गेल्या वर्षीं झावळ्यांच्या रविवारीं मिरवलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. ज्या हिरव्या झावळ्या जयजयकार करीत हातांत धरल्या, त्यांचीच पुढल्या वर्षीं राख होते, आणि ती लावतांना माणसाला त्याच्या मातीच्या देहाची आठवण करून दिली जाते. या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, म्हणजे ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा सण उजाडेपर्यंत, ४६ दिवस होतात. त्यांतले सहा रविवार उपवासाचे धरीत नाहींत, कारण प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाच्या आनंदाचा दिवस मानलेला आहे. ते वजा जातां ४० उरतात. हेंच ख्रिस्ती समाजाचें चाळीस दिवसांचें व्रत.

याचें लॅटिन नांव 'क्वाद्राजेसिमा', म्हणजे चाळिसावा. त्यावरून पोर्तुगीज 'क्वारेज्मा' आणि त्यावरून आपल्या कोंकणी बांधवांचा 'कोरेज्म'. इंग्रजी 'लेंट' या शब्दाचा मात्र उपवासाशीं मुळांत कांहींच संबंध नाहीं. जुन्या इंग्रजींत तो वसंत ऋतूचा वाचक होता. त्या ऋतूंत दिवस लांबत जातात, एवढाच त्याचा अर्थ. मराठी ख्रिस्ती बांधव या दिवसांना 'उपवासकाळ' किंवा 'प्रायश्चित्तकाळ' म्हणतात.

आपल्याकडे ज्या घरांत चातुर्मास पाळला जातो, तेथें एक संवाद ठरलेला असतो. आजी म्हणते, "आतां चार महिने कांदालसूण नाहीं." नातू विचारतो, "पण त्यानें होतें काय?" हाच प्रश्न ख्रिस्ती जगांत शतकानुशतकें विचारला गेला आहे. हें व्रत पाळून माणसाच्या आत्म्याला काय मिळतें? धर्मशास्त्राच्या वाटेनें त्याचें उत्तर देण्याचा अधिकार मजकडे नाहीं. परंतु जन्मभर मुलांना इतिहास शिकविला, त्यामुळें एवढें ठाऊक आहे कीं, एखाद्या आचाराचें मर्म कळावयाचें असेल तर तो केव्हां फुलला आणि केव्हां सुकला हें पाहावें. आज आपण या व्रताकडे त्या दृष्टीनें पाहूं.

शुभवर्तमानांत अशी कथा आहे कीं, येशूनें आपल्या कार्याला आरंभ करण्यापूर्वीं चाळीस दिवस अरण्यांत उपवास केला आणि तेथें त्याला मोह पडले. त्याच्याहि आधीं मोशे सिनाय पर्वतावर चाळीस दिवस अन्नपाण्यावांचून राहिला होता, अशी यहुदी धर्मग्रंथाची साक्ष आहे. म्हणजे चाळीस हा आंकडा जुना आणि तयारीचा. परंतु अनुयायांनीं दरसाल चाळीस दिवस उपवास करावा, अशी आज्ञा येशूनें दिलेली आढळत नाहीं. उपवासाविषयीं त्याचा जो उपदेश मत्तयाच्या शुभवर्तमानांत आहे, त्याचा आशय एवढाच कीं, उपवास करणारानें तोंड सुकवून जगाला दाखवूं नये. डोक्याला तेल लावावें, तोंड धुवावें, आणि ही गोष्ट आपण व देव यांच्यांतच ठेवावी. मौज अशी कीं, कपाळाला राख लावण्याच्या त्या बुधवारीं पश्चिमेकडील चर्चमध्यें वाचला जातो तो नेमका हाच उतारा. दिसणारें चिन्ह आणि न दिसणारें मन यांच्यांतला ताण या व्रताच्या पहिल्याच दिवशीं असा समोर ठेवलेला आहे.

पहिल्या दोनतीन शतकांत या उपवासाचें स्वरूप ठिकठिकाणीं वेगवेगळें होतें. इ. स. १९० च्या सुमारास ल्यों शहराचा बिशप इरेनियस यानें रोमचा बिशप व्हिक्टर याला एक पत्र लिहिलें. युसेबियस या इतिहासकारानें आपल्या ग्रंथांत त्यांतील भाग जपून ठेवला आहे. त्यावरून दिसतें कीं, ईस्टरपूर्वीं कोणी एक दिवस उपवास करी, कोणी दोन, कोणी त्याहून अधिक, तर कोणी चाळीस तास मोजी. त्या वेळीं ईस्टरच्या दिवसावरून वाद पेटला होता आणि व्हिक्टर दुसऱ्या पक्षाला बहिष्कृत करावयास निघाला होता. इरेनियसनें त्याला समजाविलें कीं, उपवासाच्या रीति भिन्न असूनहि आपले पूर्वज एकमेकांशीं सलोख्यानें राहिले, आणि या भिन्नतेमुळेंच श्रद्धेचें ऐक्य अधिक ठसठशीत दिसतें. व्रताच्या मोजमापावरून भांडूं नये, हा धडा इतका जुना आहे.

पुढें इ. स. ३२५ मध्यें नायसिया येथें सम्राट कॉन्स्टंटाईनच्या आश्रयाखालीं बिशपांची मोठी परिषद भरली. तिच्या पांचव्या नियमांत या चाळीस दिवसांचा उल्लेख येतो. परिषदेचा तो प्राचीन निर्णय वाचतांना आपल्याला वाटतें, आतां काय खावें आणि काय खाऊं नये याची यादी येईल. पण तेथें अन्नाचें नांव नाहीं. नियम आहे तो बहिष्कृत माणसांविषयीं. एखाद्या बिशपानें क्षुद्र बुद्धीनें किंवा वैरभावानें कोणाला समाजाबाहेर टाकलें नाहीं ना, याची चौकशी करण्यासाठीं प्रांतांतील बिशपांनीं वर्षांतून दोनदां एकत्र जमावें, आणि त्यांतली एक सभा या चाळीस दिवसांपूर्वीं व्हावी, म्हणजे मनांतील किल्मिष जाऊन देवाला शुद्ध अर्पण करतां येईल. पोट रिकामें करण्याआधीं मन रिकामें करावें, अशी ही व्यवस्था होती.

त्या काळीं या दिवसांचें मुख्य काम दोन प्रकारच्या माणसांसाठीं होतें. एक, ईस्टरच्या रात्रीं बाप्तिस्मा घेऊन समाजांत नव्यानें येणारे. आणि दुसरे, घोर अपराधामुळें दूर झालेले व पश्चात्ताप करून परत येऊं पाहणारे. एक आंत येण्याच्या वाटेवर, दुसरा परतीच्या वाटेवर. बाकीचा समाज या दोघांच्या सोबतीनें उपवास करूं लागला. व्रताला सार्वजनिक रूप आलें तें मुख्यतः या सोबतींतून.

या काळाचें एक डोळ्यांनीं पाहिलेलें वर्णन आपल्या सुदैवानें उपलब्ध आहे. इ. स. ३८० नंतरच्या दोनचार वर्षांत एजेरिया नांवाची एक स्त्री दूर पश्चिमेकडून जेरुसलेमच्या यात्रेला आली होती. तिनें आपल्या मायदेशच्या भगिनींना यात्रेची हकीकत लिहून कळविली. तिची पोथी शेंकडों वर्षें लोकांच्या नजरेआड होती. ती इटलींतील आरेझो शहरीं १८८४ मध्यें सांपडली. एजेरिया लिहिते कीं, जेरुसलेममध्यें हें व्रत आठ आठवडे चाले, कारण तेथें शनिवार व रविवार उपवासाचे धरीत नसत. बाप्तिस्मा घेणारांना बिशप रोज सकाळीं तीन तास बसून धर्मग्रंथ समजावून देई. कांहीं जण रविवारीं जेवत ते एकदम पुढच्या शनिवारींच जेवत. कांहींना तें झेपत नसे, ते मध्यें एकदां जेवत. कोणी रोज संध्याकाळीं थोडें खात. खाणें काय, तर पाणी आणि पिठाची थोडी पेज.

इतकें सांगून ती जी गोष्ट नोंदविते ती मला या सबंध इतिहासांत फार मोलाची वाटते. ती म्हणते कीं, कोणीं किती करावें याचा कोणी आग्रह धरीत नाहीं. ज्याला जितकें जमतें तितकें तो करतो. पुष्कळ करणाराची वाहवा होत नाहीं आणि थोडें करणाराला दोष लागत नाहीं. श्रोतेहो, या बाईच्या नोंदींत दोन गोष्टी एकत्र आहेत त्या लक्षांत ठेवा. काळ सर्वांचा एक होता. माप मात्र ज्याचें त्याचें होतें. सगळें शहर एकाच वेळीं व्रतस्थ असे, पण कोणी कोणाच्या ताटांत डोकावत नसे.

याच सुमारास, इ. स. ३८७ मध्यें, सिरिया प्रांतांतील अंत्युखिया या वैभवशाली नगरांत या व्रताची फार मोठी कसोटी लागली. सम्राट थिओडोसियसनें नवा कर बसविला. लोक खवळले. दंगा झाला आणि जमावानें सम्राटाचे व त्याच्या घराण्यांतील माणसांचे पुतळे पाडून रस्त्यांतून फरफटत नेले. सम्राटाची दिवंगत राणी फ्लॅसिला हिचा पुतळाहि त्यांतून सुटला नाहीं. संताप ओसरला तेव्हां नगराला कळून चुकलें कीं, आपण राजद्रोह केला आहे. कांहींना देहांत शिक्षा झाली, पुष्कळ लोक रानांत पळाले, घरोघर दारें बंद झालीं. सबंध नगर जाळून टाकण्याचा हुकूम केव्हां येईल याचा नेम नव्हता. आणि त्याच दिवसांत चाळीस दिवसांचें व्रत सुरू झालें.

अंत्युखियाचा बिशप फ्लेवियन वृद्ध होता आणि त्याची बहीण मृत्युशय्येवर होती. तशा स्थितींत तिला सोडून, प्रवासाला प्रतिकूल अशा ऋतूंत, तो सम्राटाकडे दयेची याचना करण्यासाठीं कॉन्स्टंटिनोपलला निघाला. मागें लोकांना धीर देण्याचें काम चाळिशीच्या घरांतल्या एका धर्मगुरूवर आलें. त्याचें नांव योहान्नेस. पुढें त्याच्या वक्तृत्वामुळें जगानें त्याला 'ख्रिसोस्तम', म्हणजे सुवर्णमुख, म्हटलें. त्या व्रतकाळांत त्यानें दिलेलीं प्रवचनें 'पुतळ्यांवरील प्रवचनें' या नांवानें आजहि वाचावयास मिळतात.

भीतीनें गोळा झालेल्या त्या समाजाला योहान्नेसनें काय सांगितलें? त्यानें राजकारण थोडें बोलून दाखविलें आणि माणसांच्या संवयींना हात घातला. त्याचें सांगणें असें कीं, उपवास केवळ तोंडानें करूं नका. डोळ्यांनीं, कानांनीं, हातांनीं, पायांनींहि करा. मांस वर्ज्य करून शेजाऱ्याच्या निंदेचे लचके तोडणारा माणूस उपवास करीत नाहीं. अंत्युखियाच्या लोकांना उठतांबसतां शपथा घेण्याची खोड होती. ती एवढी एक खोड या चाळीस दिवसांत सोडा, म्हणून त्यानें दिवसामागून दिवस तोच विषय लावून धरला. श्रोते कंटाळले तरी त्यानें तो सोडला नाहीं. व्रताचा अर्धा काळ उलटला तेव्हां कांहीं मंडळी एकमेकांना म्हणूं लागलीं, 'जिंकली! अर्धे उपवास संपले!' त्यावर त्यानें विचारलें, अर्धे उपवास सरले खरे. पण तुमचे अर्धे दोष सरले काय?

मास्तराच्या कानाला हा प्रश्न ओळखीचा वाटतो. सहामाही संपली म्हणून आनंदणारीं मुलें मीं पुष्कळ पाहिलीं आहेत. पुस्तकांतलें अर्धें डोक्यांत गेलें काय, हा प्रश्न त्यांना आवडत नसे. दिवस आपोआप सरतात. माणूस आपोआप बदलत नाहीं. व्रताचे दिवस मोजणें सोपें असतें म्हणूनच तें फसवें असतें.

दरम्यान सम्राटाचे दोन अधिकारी नगरांत आले. त्यांनीं नाटकगृह, स्नानगृहें आणि रथशर्यतींचें मैदान बंद केलें, नगराचा राजधानीचा मान काढून घेतला, आणि नगरशेट्यांना बंदींत टाकलें. त्या वेळीं आसपासच्या डोंगरांतून वर्षानुवर्षें एकांतांत राहिलेले तपस्वी खालीं उतरले आणि न्यायासनापुढें उभे राहिले. त्यांत मॅसेडोनियस नांवाचा एक निरक्षर वैरागी होता. त्यानें अधिकाऱ्यांना अडवून सांगितलें कीं, सम्राटाला कळवा, मोडलेले पुतळे पुन्हा उभे करतां येतात. परंतु मारलेल्या माणसाचा एक केसहि त्याला परत निर्माण करतां येणार नाहीं. शिक्षेचा निर्णय तहकूब झाला. तिकडे फ्लेवियनची विनंति सम्राटानें मान्य केली आणि नगराला क्षमा केली. ईस्टरच्या दिवशीं वृद्ध बिशप आपल्या माणसांत परत आला होता.

या कथेचें तात्पर्य 'उपवास केला म्हणून संकट टळलें' असें काढण्याचा मोह होतो. मी तें काढणार नाहीं. सम्राटाचें मन वळलें त्याला राजकीय कारणेंहि असतील. मला मोलाचें वाटतें तें निराळें आहे. चाळीस दिवस एक घाबरलेलें नगर आपल्या अपराधाकडे पाहात बसलें, दुसऱ्यावर दोष ढकलण्याऐवजीं आपल्या जिभेला लगाम घालण्याचा प्रयत्न करूं लागलें, आणि ज्यांना स्वतःसाठीं कांहींच नको होतें असे तपस्वी दुसऱ्यांच्या प्राणांसाठीं डोंगर उतरून आले. व्रतानें माणसांत काय घडतें याचें हें चित्र आहे.

पांचव्या शतकांत, ४४० ते ४६१ पर्यंत, रोमच्या धर्मपीठावर असलेला पोप लिओ यानें या व्रताला आणखी एक अंग स्पष्ट करून दिलें. त्याच्या प्रवचनांचा आशय असा कीं, उपवास करणारानें जें तोंडांतून वांचविलें तें भुकेलेल्याच्या तोंडीं पडलें पाहिजे. नाहीं तर तो उपवास म्हणजे नुसती काटकसर. येथें व्रताचीं तीन अंगें पुरीं होतात. प्रार्थनेनें माणूस देवाशीं जोडला जातो, उपवासानें स्वतःशीं झुंजतो, आणि दानानें शेजाऱ्याशीं जोडला जातो. यांतलें एक अंग तोडलें कीं उरलेलीं दोन लंगडीं होतात.

येथपर्यंत व्रत फुललें. आतां तें कसें सुकलें तें पाहूं. पोप पहिला ग्रेगरी, ज्याची कारकीर्द ५९० ते ६०४ अशी आहे, त्याच्या काळीं सहा आठवड्यांतून रविवार वजा करून ३६ दिवस धरीत. वर्षाच्या दिवसांचा हा जवळजवळ दहावा हिस्सा. म्हणजे आयुष्याचा दशमांश देवाला, असा सुंदर अर्थ ग्रेगरीनें त्याला दिला. पुढें चार दिवस वाढवून चाळीस पुरे केले, आणि व्रताचा आरंभ बुधवारावर आला. हा हिशेब निर्मळ होता. परंतु राजसत्तेच्या हातीं व्रत गेलें तेव्हां हिशेबाला तलवारीची धार आली. शार्लमेन राजानें जिंकलेल्या सॅक्सन लोकांसाठीं इ. स. ७८५ च्या सुमारास जे कायदे केले, त्यांत ख्रिस्ती धर्माचा अवमान करण्याच्या हेतूनें व्रतकाळांत मांस खाणाराला देहांत शिक्षा सांगितली आहे. कोणी निरुपायानें खाल्लें असेल तर धर्मगुरूनें त्याचा विचार करावा, एवढीच सवलत. एजेरियाच्या जेरुसलेममध्यें थोडें करणाराला दोषहि लागत नव्हता; चारशें वर्षांनीं सॅक्सनींत मानेवर तलवार आली.

जेथें सक्ति येते तेथें मागोमाग सवलतीचा बाजार येतो. मध्ययुगांत व्रतकाळांत मांसाबरोबर अंडीं, दूध आणि लोणीहि वर्ज्य होतें. दक्षिण युरोपांत ऑलिव्हचें तेल विपुल. तेथें हें सोपें होतें. उत्तरेकडील थंड देशांत तें तेल पिकत नाहीं. तेथील गरिबाला लोण्यावांचून चालेना. मग पैसे भरून लोणी खाण्याचे परवाने मिळूं लागले. फ्रान्समधील रुआं शहराच्या कॅथेड्रलला एक उंच मनोरा आहे. त्याचें बांधकाम १४८५ मध्यें सुरू झालें. त्याला लोक 'लोण्याचा मनोरा' म्हणतात, कारण अशा परवान्यांच्या पैशांतून तो उभा राहिला असें सांगतात. १५२० मध्यें जर्मन सरदारांना उद्देशून लिहिलेल्या आपल्या पुस्तकांत मार्टिन ल्यूथरनें यावर कडक टीका केली. उपवासाचा जाच आमच्यावर लादावयाचा आणि त्यांतून सुटण्याचें स्वातंत्र्य आम्हांलाच विकावयाचें, हा त्याच्या रागाचा विषय होता. गरिबाच्या तोंडीं घांस पडावा म्हणून सुरू झालेल्या व्रतांत गरिबाच्या कनवटीचा पैसा जाऊं लागला, यापरतें त्याचें अधःपतन कोणतें?

स्फोट झाला तो स्वित्झर्लंडमधील झूरिच शहरीं, आणि तोहि दोन सॉसेजांवरून. ९ मार्च १५२२ रोजीं, व्रतकाळाच्या पहिल्या रविवारीं, क्रिस्तोफ फ्रोशाउअर या छापखानदाराच्या घरीं कांहीं मंडळी जमलीं. धुरावलेल्या मांसाचीं दोन सॉसेजें कापून त्यांचे तुकडे वांटण्यांत आले. उल्रिख झ्विंग्ली हा प्रसिद्ध धर्मोपदेशक तेथें हजर होता. त्यानें स्वतः तुकडा उचलला नाहीं. नगरसभेनें चौकशी केली तेव्हां फ्रोशाउअरनें सांगितलें कीं, फ्रँकफुर्टच्या जत्रेपूर्वीं पुस्तकें तयार करण्यासाठीं माझे कामगार रात्रंदिवस राबत आहेत, त्यांना नुसत्या पेजेवर कसें ठेवूं? पुढें २३ मार्चला झ्विंग्लीनें याच विषयावर प्रवचन केलें व तें एप्रिलांत छापून प्रसिद्ध झालें. उपवास करावासा वाटतो त्यानें करावा, मांस सोडावेंसें वाटतें त्यानें सोडावें. परंतु शेजाऱ्याचें स्वातंत्र्य त्याला राखूं द्यावें, असें त्याचें म्हणणें. झ्विंग्लीनें स्वतः न खातां दुसऱ्याच्या खाण्याचा कैवार घेतला, यांत त्याच्या भूमिकेचें सारें बळ आहे.

इंग्लंडमध्यें आणखी निराळा प्रकार झाला. धर्मसुधारणेनंतर तेथें उपवासाचें धार्मिक महत्त्व कमी झालें, पण मासे खाण्याचा कायदा मात्र राहिला. कारण कोळ्यांचा धंदा चालला तरच आरमाराला खलाशी मिळणार! राणी एलिझाबेथच्या कारकीर्दींत १५६३ मध्यें पार्लमेंटनें जो कायदा केला त्यांत आठवड्याला मत्स्याहाराचा आणखी एक दिवस वाढविला. त्याच कायद्यांत अशी तरतूद आहे कीं, मासे खाणें किंवा मांस वर्ज्य करणें हें आत्म्याच्या उद्धारासाठीं आवश्यक आहे असें जो सांगेल त्याला खोट्या बातम्या पसरविल्याबद्दल शिक्षा व्हावी. व्रताचें शरीर ठेवलें आणि त्यांतला आत्मा कायद्यानें बाहेर काढला. इतका स्पष्ट दाखला इतिहासांत क्वचितच सांपडतो.

याच इंग्लंडमध्यें सुमारें १५४९ मध्यें जन्मलेला थॉमस स्टीफन्स हा जेझुइट धर्मगुरु १५७९ मध्यें गोव्यास आला, आणि येथून हा इतिहास आपल्या भाषेशीं येऊन भिडतो. पोर्तुगीज सत्तेबरोबर आपल्या किनाऱ्यावर हें व्रतहि आलें होतें. ती सत्ता सक्तीला परकी नव्हती. १५६० मध्यें गोव्यांत इन्क्विझिशनचें न्यायालय बसलें आणि तें अखेरचें बंद झालें १८१२ मध्यें. अशा वातावरणांत स्टीफन्सनें ओळखलें कीं, नव्या धर्मांत आलेल्या माणसाला केवळ नियम देऊन भागणार नाहीं. जुनीं पुराणें सुटलेल्या त्याच्या मनाला ओवींतून गाण्यासारखें कांहीं पाहिजे. त्यानें रचलेलें 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्यें राशोल येथें छापलें गेलें. मराठी ओव्यांच्या या ग्रंथानें परकी सणवारांना घरच्या भाषेचा आवाज दिला. आज गोवा वेल्हा येथें व्रतकाळांतील पांचव्या रविवारनंतरच्या सोमवारीं संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते. तिच्या दर्शनाला अन्य धर्मांचीं माणसेंहि लोटतात, तीं कोणाच्या हुकुमानें येत नाहींत.

या इतिहासाचा अलीकडचा टप्पा १७ फेब्रुवारी १९६६ हा. त्या दिवशीं पोप सहावा पॉल यानें कॅथलिक समाजासाठीं उपवासाचे नियम बदलले. बंधनकारक उपवास दोनच दिवसांचा राहिला : राखेचा बुधवार आणि ख्रिस्ताच्या क्रूसावरील मरणाचा शुक्रवार. शुक्रवारीं मांस वर्ज्य करण्याचा नियम ठेवला, पण निरनिराळ्या देशांतील बिशपांना त्याऐवजीं प्रार्थना व परोपकार सुचविण्याची मोकळीक दिली. ग्रीस, रशिया इत्यादि देशांतील ऑर्थोडॉक्स चर्चचा नियम कडक आहे. मांस, अंडीं, दूध आणि बहुतेक दिवस मासेहि वर्ज्य. तरी किती झेपेल हें तेथेंहि माणूस आपल्या धर्मगुरूच्या सल्ल्यानें ठरवितो. एकूण काय, सोळाशें वर्षांनीं माप पुन्हा ज्याच्या त्याच्या हातीं आलें आहे.

आणि येथेंच खरा पेंच आहे. सक्ति गेली, हें चांगलें झालें. पण सक्तीबरोबर व्रतहि जाणार काय? जें केलें नाहीं तरी चालतें तें बहुधा केलें जात नाहीं, हा मनुष्यस्वभाव आहे. शाळेंत मीं शिस्तीचे दोन प्रकार पाहिले. छडीची शिस्त मास्तर वर्गांत असेपर्यंतच टिकते. दुसरी शिस्त, वेळापत्रकाची; घंटा झाली कीं वही उघडावयाची, आंत काय लिहावयाचें तें मुलानें ठरवावयाचें. ही शिस्त मुलाच्या अंगवळणीं पडते आणि शाळा सुटल्यावरहि त्याच्याजवळ राहते. चाळीस दिवसांचें व्रत हें असें वेळापत्रक आहे. घंटा समाजानें द्यावी, वही व्यक्तीनें लिहावी. एजेरियानें जेरुसलेममध्यें पाहिलें तें हेंच.

मग त्या वहींत माणसाच्या जमेला काय पडतें? पहिली गोष्ट, स्वतःची ओळख. आपण कशाचे धनी आणि कशाचे गुलाम आहों हें माणसाला एरवीं कळत नाहीं. चहा, विडी, मांस, गप्पा, निंदा, यांतली एखादी वस्तु चाळीस दिवस बाजूला ठेवून पाहावी. तिसऱ्या दिवशीं धनी कोण तें समजतें. दुसरी गोष्ट, काळाचें प्रमाण. जन्मभराचा नेम बहुधा मोडतो, एका दिवसाचा नेम मागमूस ठेवीत नाहीं. चाळीस दिवस हा मधला काळ आहे. संवय हालविण्याइतका लांब आणि शेवट डोळ्यांपुढें दिसण्याइतका आंखूड. तिसरी गोष्ट, मोकळें मन. पूर्वेकडील चर्चमध्यें व्रत सुरू होण्याच्या आदल्या दिवशीं 'क्षमेचा रविवार' पाळतात. त्या सायंकाळीं माणसें एकमेकांपुढें वांकून क्षमा मागतात, धर्मगुरूहि मागतो. नायसियाच्या परिषदेनें मनांतलें किल्मिष धुण्याची जी व्यवस्था बिशपांच्या सभेकडे दिली होती, ती येथें साध्या माणसाच्या हातीं आली आहे. आणि चौथी गोष्ट, दुसऱ्याची भूक. ज्याला स्वतः भूक लागून ती जाणूनबुजून सोसावी लागली आहे, त्याला निरुपायानें भुकेल्या राहणाऱ्या माणसाची भूक कल्पनेनें समजून घ्यावी लागत नाहीं.

हे चारहि लाभ हुकुमानें मिळत नाहींत आणि पैसे देऊन घेतां येत नाहींत. त्यांची मोजदाद दुसऱ्याला करतां येत नाहीं. आजारी माणसानें, लहान मुलानें, कष्टकऱ्यानें अन्न सोडूं नये, असें चर्चहि सांगतें. त्यांच्यासाठीं जीभ आणि राग हीं व्रताचीं क्षेत्रें आहेतच. व्रत कोणाचें मोठें, कोणाचें लहान, हा निवाडा करण्याचा मोह ज्या ज्या वेळीं समाजाला पडला, त्या त्या वेळीं त्यांतून तलवार, परवाना किंवा पोकळ कायदा निघाला, हें आपण पाहिलें.

श्रोतेहो, आपण कोणत्याहि धर्माचे असा. आपल्या घरींहि एखादा नेमाचा काळ येत असेल. तो पाळतांना आठवड्यामागून आठवडा गेला म्हणून समाधान मानूं नये. अंत्युखियाच्या त्या धर्मगुरूनें घाबरलेल्या नगराला विचारलेला प्रश्न रात्रीं निजतांना स्वतःला विचारावा. अर्धे दिवस सरले. माझ्यांतलें काय सरलें? उत्तर मोठ्यानें सांगण्याची गरज नाहीं. तें ज्याचें त्याला कळलें म्हणजे पुरे.